फॉर्म करायला बसलेल्या भाचीला

कॉम्प्युटर उघडण्याआधी कागद घे. तुला तालुक्याच्या वाचनालयासाठी सभासद नोंदणीचा फॉर्म करायचा आहे, तर तिथं आजवर चालत आलेला छापील अर्ज मागून आण. प्रत्येक रकान्यापुढे पेन्सिलीनं लिही: ही माहिती कोण वाचणार, कशासाठी, आणि ती नसली तर कुणाचं काय अडेल? उत्तर सुचलं नाही तर तो रकाना काट. ‘असू दे, पुढेमागे लागेल’ म्हणून आलेले रकानेच पुढे त्रास देतात. पुस्तक घरी न्यायला आधार क्रमांक लागत नाही. तो घेतलास की सांभाळायची जबाबदारीही आली, आणि २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यानं ती जबाबदारी नुसती नैतिक ठेवलेली नाही. मी तर म्हणते, जी माहिती तुझ्याकडे नाही ती तुझ्याकडून कधी फुटणारही नाही.

आता तुझा प्रश्न: ‘आत्या, सबमिट दाबते पण डेटा पोचतच नाही.’ नव्यानं शिकणारे सगळे इथं अडतात. रकान्याला तू ‘आयडी’ दिला असशील आणि ‘नेम’ द्यायचं राहिलं असेल. ब्राउझर डेटा पाठवताना ‘आयडी’कडे बघत नाही, ज्याला ‘नेम’ नाही तो रकाना तो पाठवतच नाही. चेकबॉक्सचंही ध्यानात ठेव. टिक केली नाही तर सर्व्हरकडे ‘नाही’ असं उत्तर जात नाही, काहीच जात नाही, आणि तुझा प्रोग्रॅम त्या नावाची किल्ली शोधत बसतो. ‘डिसेबल्ड’ केलेला रकाना पडद्यावर दिसतो पण पाठवला जात नाही. नुसता वाचायला ठेवायचा असेल तर ‘रीडओन्ली’ कर. सभासदाचा फोटो घ्यायचा असेल तर फॉर्मची ‘मेथड’ पोस्ट हवी आणि ‘एन्कटाइप’ मल्टिपार्ट फॉर्म-डेटा हवा, नाहीतर फोटोऐवजी फाइलचं नुसतं नाव पोचेल.

पण ही यादी पाठ करण्यापेक्षा शोधायची रीत शीक. डेटा चार ठिकाणांहून जातो: पडद्यावरचा रकाना, ब्राउझरनं पाठवलेली विनंती, सर्व्हरवरचा तुझा प्रोग्रॅम आणि डेटाबेस. प्रत्येक ठिकाणी थांबून बघ. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून ‘नेटवर्क’मध्ये काय गेलं ते वाच. सर्व्हरवर साठवण्याच्या आधी आलेलं सगळं जसंच्या तसं छापून बघ. कुठपर्यंत ठीक होतं ते कळलं की चूक पुढच्या टप्प्यातच सापडते. कुणाला विचारायची वेळ आली तर एररचा संदेश अक्षरशः उतरवून दे. ‘चालत नाहीये’ एवढ्यावरून कुणालाच मदत करता येत नाही.

नावाच्या रकान्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माणसाचा अपमान तिथंच होतो. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर कुणी मधलं नाव बदलतं, कुणी नाही. २०२४ मध्ये राज्य शासनानं सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचा निर्णय घेतला. कुणी आडनावच लावत नाही. म्हणून नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने करू नकोस. ‘पूर्ण नाव’ असा एकच लांब रकाना ठेव, आणि यादी आडनावाप्रमाणे लावायची असेल तरच आडनाव वेगळं, तेही ऐच्छिक. नावात फक्त अक्षरंच चालतील अशी अट तर घालूच नकोस. वसईत नि गोव्यात डि’सोझा, डि’मेलो घराघरात आहेत, आणि इंग्रजीत लिहिताना त्या नावांत पुष्कळदा अवतरणचिन्ह असतं. ज्याचं खरं नाव तुझा फॉर्म ‘अवैध’ म्हणतो, त्यानं कुठं जायचं?

त्याच डि’सोझांच्या नावानं तुझा कोड कच्चा आहे की पक्का तेही कळतं. एस्क्यूएलचं वाक्य तू स्ट्रिंगा जोडून बनवत असशील, तर नावातलं ते चिन्ह वाक्य मध्येच तोडतं आणि एरर येते. पुष्कळजण तेवढं चिन्ह काढून टाकतात आणि काम झालं समजतात. काम झालेलं नसतं. सभासदानं लिहिलेला मजकूर आणि तू डेटाबेसला दिलेली आज्ञा एकाच वाक्यात मिसळली आहे, हा खरा दोष. उद्या कुणी नावाच्या जागी मुद्दाम आज्ञाच लिहील आणि डेटाबेस ती पाळेल. यालाच एस्क्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय एकच: प्रिपेअर्ड स्टेटमेंट. आज्ञा आधी जाते, मजकूर मागाहून वेगळा जातो, आणि मजकुराची आज्ञा होऊ शकत नाही. पीएचपीत पीडीओ वापर. पायथनमध्ये एस्क्यूलाइट असलं तर प्रश्नचिन्हांच्या जागा ठेव. अगदी पहिल्या प्रोग्रॅमपासून ही सवय लाव, ‘आधी चालू दे, मग सुरक्षित करू’ असं म्हणू नकोस.

साठवताना मजकूर मूळ रूपातच साठव. एचटीएमएलसाठी चिन्हांचं रूपांतर पानावर दाखवताना कर, पीएचपीत त्यासाठी ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ आहे. आधीच रूपांतर करून ठेवलंस तर ओळखपत्रावर डि आणि सोझाच्या मध्ये आकडे नि अँपरसँड छापून येतात.

ब्राउझरमधली तपासणी ही सभासदाची सोय आहे, चूक चटकन कळावी म्हणून. ती कुणीही बंद करू शकतो किंवा ब्राउझर न वापरताच विनंती पाठवू शकतो. म्हणून प्रत्येक तपासणी सर्व्हरवर पुन्हा करायची. मात्र तपासताना उदार राहा. मोबाइल क्रमांक कुणी +९१ लावून लिहितं, कुणी आधी शून्य लावून, कुणी मध्ये जागा सोडून. रागावू नकोस, जादाचं काढून उरलेले दहा आकडे तपास आणि पुढे जा. कुणी मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे लिहिले तर? पायथनचं ‘इंट’ ते सरळ समजून घेतं. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं ‘बॅकस्लॅश डी’ मात्र फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. मराठी माणसासाठी फॉर्म करतेस, तर देवनागरी आकडे बदलून घेणं तुझं काम.

आकड्यांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. ज्यांची बेरीज करायची तीच संख्या. मोबाइल, एसटीडी कोड, पिनकोड मजकूर म्हणून साठव. पुण्याचा ०२० संख्या म्हणून ठेवलास तर २० उरतो. एक्सेलही हेच करतं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, संस्कृतात लिहिणारे. पिनकोडातला पहिला आकडा विभाग सांगतो आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस, म्हणजे तो जोडलेल्या खुणांचा मजकूरच आहे. सहा आकडे, पहिला शून्य नाही, एवढं तपासलंस तरी पुष्कळ.

पैसे मात्र संख्या, पण फ्लोट नव्हे. जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचार, ०.३०००००००००००००००४ असं उत्तर येईल, कारण हे अपूर्णांक दोनाच्या पद्धतीत तंतोतंत मांडता येत नाहीत. अनामत आणि वर्गणी डेसिमलमध्ये ठेव किंवा सरळ पैशांत, पूर्णांक म्हणून. वर्षअखेरीला हिशेब तपासणारा एका पैशाचाही फरक सोडत नाही.

तारखेत ०५/०४/२०१० असं आलं तर ते आपल्याला ५ एप्रिल, अमेरिकेत ४ मे. साठवायची ती वर्ष-महिना-दिवस याच क्रमानं, डेटाबेसच्या ‘डेट’ प्रकारात; दाखवताना आपल्या पद्धतीनं दाखव. जन्मतारखेवरून आठवलं. सभासदांत वयस्क मंडळी असली तर १ जून ही तारीख पुन्हा पुन्हा येईल. शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसायची, मग गुरुजी शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख लिहायचे. नाव आणि जन्मतारीख मिळून माणूस वेगळा ओळखता येईल असं धरून चालू नकोस. एकाच गावात एकाच नावाचे, १ जूनचे दोन पाटील सहज निघतील. मोबाइलवरही विसंबू नकोस, कारण घरात एकच फोन असतो आणि आजी-नातू दोघंही सभासद असतात. प्रत्येक सभासदाला तुझ्या डेटाबेसनं दिलेला, कधी न बदलणारा क्रमांक हीच प्रायमरी की. बाहेरून आलेली कुठलीही माहिती की म्हणून वापरायची नाही.

जिल्ह्याचंही तसंच. ड्रॉपडाउनमध्ये नावं टंकून तीच नावं प्रत्येक सभासदापुढे साठवू नकोस. जिल्ह्यांचा वेगळा तक्ता कर आणि सभासदापुढे जिल्ह्याचा क्रमांक ठेव. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि राज्यात छत्तीस जिल्हे झाले. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. ज्यांनी वेगळा तक्ता केला होता त्यांना प्रत्येक नावासाठी एक ओळ बदलावी लागली. ज्यांनी नावंच विखरून ठेवली त्यांच्याकडे एकाच जिल्ह्याचे सभासद दोन नावांखाली मोजले जातात.

रिकामं म्हणजे काय, तेही आधीच ठरव. वडिलांचं नाव लिहिलं नाही, याचा अर्थ विचारलंच नाही, माहीत नाही, की लावत नाही? ‘नल’ आणि रिकामी स्ट्रिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही मिसळल्या की मोजणी चुकते. आणि सक्तीच्या रकान्यात माणसं ‘एबीसी’ किंवा टिंब टाकून पुढे जातात. खोट्या भरतीपेक्षा प्रामाणिक रिकामी जागा बरी.

देवनागरीसाठी डेटाबेस, तक्ते, जोडणी आणि पान, सगळीकडे यूटीएफ-८ हवं. मायएस्क्यूएलमध्ये ‘यूटीएफ८एमबी४’ निवड, जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये इमोजी मावत नाहीत. एक जरी कडी लॅटिन-१ राहिली तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उरू शकतात आणि एकदा तशी साठवली गेली की मूळ नाव परत येत नाही. लांबीही जपून मोज: ‘श्री’ हे आपल्याला एक अक्षर, पण युनिकोडच्या हिशेबी चार खुणा आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. वीस अक्षरांची मर्यादा मराठी नावाला फार लवकर संपते.

याहून अवघड गोष्ट शोधाची. ‘ॲग्नेस’मधला ‘ॲ’ कुणाच्या कीबोर्डवरून एकच खूण म्हणून येतो, कुणाच्या ‘अ’ आणि वर चंद्र अशा दोन खुणांनी. पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेसला निरनिराळे. ‘कुऱ्हाडे’ मधल्या ‘ऱ्ह’चंही तेच, तो ‘ऱ’ वापरून लिहितात किंवा साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. युनिकोडचं नॉर्मलायझेशन वापर, पण त्यानं हे दोन भेद मिटत नाहीत. ते तुलाच नियम लिहून एक करावे लागतील. मूळ नाव आहे तसं ठेव आणि शोधासाठी शेजारी एकसारखं केलेलं दुसरं रूप साठव. परदेशी पुस्तकांत हे सापडणार नाही. मराठीत काम करणाऱ्यांनीच हे एकमेकांना सांगितलं पाहिजे.

दोनदा नोंद होते म्हणालीस. नोंद झाल्यावर त्याच उत्तरात ‘आभारी आहोत’ दाखवू नकोस. सर्व्हरनं वेगळ्या पानाकडे रिडायरेक्ट करावं. मग रिफ्रेश दाबलं तरी फॉर्म पुन्हा जात नाही. सभासद आणि त्याची अनामत पावती दोन तक्त्यांत जात असेल तर दोन्ही नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये कर, म्हणजे होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. पासवर्ड घेत असलीस तर तो हॅश करूनच ठेवायचा, त्यासाठी भाषेत दिलेलंच फंक्शन वापरायचं, स्वतःची युक्ती लढवायची नाही.

चुकीबद्दलचा संदेश मराठीत आणि त्याच रकान्याखाली लिही. ‘अवैध इनपुट’ नको. ‘मोबाइल क्रमांकात दहा आकडे हवेत, नऊच आले आहेत’ असं हवं. सगळ्या चुका एकदमच दाखव. आणि भरलेलं काही पुसू देऊ नकोस. पत्ता टंकायला एखाद्या आजोबांना दहा मिनिटं लागलेली असतात; पिनकोड चुकला म्हणून तो पुसला गेला तर ते पुन्हा तुझ्या फॉर्मकडे येणार नाहीत.

हे सगळं झालं की फॉर्म ग्रंथपालबाईंसमोर ठेव आणि त्यांनाच खऱ्या छापील अर्जांवरून काही नोंदी भरू दे. शेजारी बस, पण बोलू नकोस, बोट दाखवू नकोस. त्या जिथं थांबतील ती जागा लिहून घे, आणि त्यांना समजावण्याऐवजी फॉर्म बदल.