दोन हिवाळे झोपणारी बी

मुलांनो, मूग रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवले की दुसऱ्या दिवशी त्यांना मोड येतात, हे तुम्ही घरी पाहिले आहे. मुगाला पाणी आणि ऊब मिळाली की पुरते. आजच्या धड्यातल्या बियांना मात्र एवढ्याने जाग येत नाही. या बिया आपल्या ओहायोच्या जंगलात जमिनीलगत वाढणाऱ्या वनस्पतींच्या आहेत. मोठ्या झाडांना पालवी फुटून सावली होण्याआधीच यांतल्या बऱ्याच वनस्पती फुलून घेतात.

आधी माझी चूक सांगतो. मी आणि माझी मुलगी शनिवारी वर्ग सुटला की एका रोपवाटिकेत मदतीला जातो. पहिल्या वर्षी जुलैमध्ये तिने पांढऱ्या ट्रिलियमच्या साठ बिया मोजून एका ट्रेमध्ये पेरल्या. हेच फूल १९८६ पासून ओहायोचे राज्य-रानफूल आहे. हिवाळा गेला, वसंत गेला, पुढचा जुलै आला, तरी ट्रेमध्ये नुसती माती. मी इंजिनियर माणूस. वर्षभरात काही दिसले नाही म्हणजे प्रयोग फसला, असे ठरवून मी ट्रे खताच्या ढिगावर रिकामा केला. मुलगी आली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या बिया कुठे टाकल्यास?" तिथल्या एका वयस्कर बाईंनी मातीचे एक ढेकूळ उचलून हलक्या हाताने फोडले. आत बियांना पांढरी मुळे फुटलेली होती! आम्ही सापडतील तेवढ्या बिया वेचून पुन्हा पेरल्या. पुढच्या वसंतात अकरा बियांना एकेक अरुंद हिरवे पान आले. उरलेल्या एकोणपन्नास माझ्या घाईच्या खाती जमा.

असे का होते?

संगणकाच्या भाषेत सांगायचे तर ट्रिलियमच्या बीमध्ये दोन अटी एकापाठोपाठ लिहिलेल्या आहेत. पहिला हिवाळा सोसला की उन्हाळ्यात मूळ येते. ते मूळ घेऊन दुसरा हिवाळा सोसला की पान वर येते. पहिली अट पुरी झाल्याशिवाय दुसरी तपासलीच जात नाही. बी उन्हाळ्यात पिकते. ती लगेच उगवली असती तर कोवळे रोप पहिल्याच बर्फात गेले असते. म्हणून हे कुलूप.

वाइल्ड जिंजरची रीत थोडी वेगळी आहे. तिची बी साधारण जूनमध्ये पिकते, शरद ऋतूत मूळ धरते आणि एक हिवाळा गेला की पान दाखवते. ब्लडरूटची बी ताजी पेरली तर बहुतेक पुढच्या वसंतात उगवते. काही आळशी बिया आणखी एक वर्ष घेतात.

मुंग्यांची टपालसेवा

या तिन्ही बियांना एक तेलकट, मऊ तुकडा चिकटलेला असतो. त्याला इलायोसोम म्हणतात. ग्रीक भाषेत 'इलायोन' म्हणजे तेल आणि 'सोमा' म्हणजे शरीर. मुंग्या हा खाऊ पाहून बी बिळात ओढून नेतात, खाऊ खातात आणि बी कचऱ्यात टाकतात. तिथे ती उंदरांपासून सुरक्षित राहते.

पण मुंगी बी नेते ती बहुतेक वेळा एखाद-दोन मीटरच. हे लक्षात ठेवा, कारण खरी अडचण इथेच आहे. एके काळी ओहायोचा सुमारे ९५ टक्के भाग जंगलाखाली होता. शेतीसाठी तोड होऊन १९४० च्या सुमारास तो सुमारे १२ टक्के उरला. आज तो पुन्हा ३० टक्क्यांच्या आसपास आहे. मोठी झाडे वाऱ्याने आणि पक्ष्यांच्या मदतीने परत आली, पण मुंगीच्या पावलांनी चालणारी ही रोपे मागे राहिली. त्यात हरणांना ट्रिलियम फार आवडते. म्हणून रोपवाटिकेत बीपासून रोपे करावी लागतात.

घरी करून पाहायचे असेल तर

१. बी स्वतःच्या किंवा ओळखीच्यांच्या बागेतून, विचारून घ्या. उद्यानातून बी किंवा रोप घेऊ नका.
२. झेंडूच्या बियांसारखी ती पुडीत वाळवू नका. वाळली की ती आणखी गाढ झोपते किंवा मरते. लगेच पेरता येत नसेल तर ओलसर मॉसबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.
३. खोल ट्रेमध्ये कुजलेला पालापाचोळा मिसळलेली भुसभुशीत माती भरा. बी सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरा आणि वर पानांचा पातळ थर द्या.
४. खारींसाठी वर बारीक जाळी बांधा. ट्रे बाहेर सावलीत ठेवा. माती ओलसर हवी, चिखल नको.
५. ट्रेवर बीचे नाव आणि पेरल्याची तारीख लिहा. खाली मोठ्या अक्षरांत लिहा: "दोन हिवाळे फेकू नये."

पालकांसाठी दोन गोष्टी. वाइल्ड जिंजर म्हणजे आपले आले नव्हे; तिच्यात मूत्रपिंडाला घातक द्रव्य असते. चहात घालू नका. ब्लडरूटच्या लाल चिकाने त्वचा भाजते, तेव्हा मुलांना हातमोजे द्या. दुसरे, रोपे विकत घेताना 'नर्सरी ग्रोन' एवढ्यावर समाधान मानू नका. जंगलातून उपटून कुंडीत वाढवलेल्या रोपालाही ते नाव देता येते. "बीपासून इथेच केले का?" असे सरळ विचारा.

ट्रिलियमला पेरल्यापासून फूल यायला सात ते दहा वर्षे लागतात. आमच्या अकरा रोपांना फूल येईल तेव्हा मुलगी गाडी चालवायला शिकत असेल, नाहीतर कॉलेजात असेल. "पी हळद आणि हो गोरी" इथे चालत नाही. आपल्या वर्गातही काही मुले वर्षभर नुसती ऐकतात, आजीशी फोनवर एक वाक्यही बोलत नाहीत. पालकहो, तो ट्रे रिकामा करण्याआधी माझी चूक आठवा.

शब्दार्थ
रुजणे – बीला मूळ फुटून ती जमिनीत धरणे
पालापाचोळा – गळलेली, सुकलेली पाने
ढेकूळ – मातीचा घट्ट गोळा
चीक – झाडातून निघणारा चिकट रस

गृहपाठ
१. ट्रिलियमच्या बीला आधी काय फुटते, मूळ की पान?
२. मुंगी बी का नेते? मुंगीला काय मिळते आणि बीला काय मिळते?
३. मोठी झाडे परत आली, पण ट्रिलियम मागे का राहिले? तीन वाक्यांत लिहा.
४. आजी-आजोबांना फोन करून विचारा: "तुमच्या लहानपणी अंगणात काय पेरत होता? ते किती दिवसांनी उगवायचे?" उत्तर मराठीत लिहून आणा.