वाचलेलं पाणी गेलं कुठं?

पाणी आणि शेती या विषयांवरच्या संशोधनाचे आढावे लिहिण्याचं काम मी गेली पंधरा वर्षं करते आहे. शोधनिबंध गोळा करायचे, त्यांचा दर्जा तपासायचा, आकडे एका तक्त्यात मांडायचे आणि पुरावा काय सांगतो ते धोरण ठरवणाऱ्यांपुढे ठेवायचं, असं हे काम. सुरुवातीच्या काळात ठिबक सिंचनावर एक आढावा केला होता. जवळजवळ प्रत्येक निबंधात ‘पाण्याची बचत’ या रकान्यात घसघशीत आकडा होता. निष्कर्ष लिहायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी जालना जिल्ह्यातल्या एका गावात गेले. मोसंबीच्या बागेत एक शेतकरी दादा ठिबकच्या नळीचं टोक उघडून आतला गाळ काढत होते. मी विचारलं, “ठिबकनं पाणी वाचलं का?” ते म्हणाले, “वाचलं ना ताई. त्याच्याच जिवावर तर दोन एकर बाग वाढवली.” ओढ्याच्या खालच्या अंगाला एका मावशींचं शेत होतं. त्यांच्या विहिरीच्या काठावर आम्ही दोघी उभ्या राहिलो. आतल्या दगडावर जुन्या पाण्याच्या पांढरट रेघा उतरत गेलेल्या दिसत होत्या. “पूर्वी पाडव्यापर्यंत उपसा चालायचा, आता संक्रांतीलाच तळ दिसतो,” त्या म्हणाल्या.

माझ्या तक्त्यात दादांचं शेत होतं, मावशींची विहीर नव्हती. तेव्हापासून मी आढावा करण्याची रीत बदलली. त्यातून शिकलेल्या गोष्टी अशा.

१. अभ्यासाचं कुंपण कुठं घातलंय ते आधी पाहा.
प्रत्येक अभ्यास कुठंतरी हद्द आखतो. ठिबकचे बहुतेक प्रयोग एका शेताच्या बांधापर्यंत थांबतात. त्या हद्दीत त्यांचे आकडे खरे असतात, पण पाणी बांध मानत नाही. म्हणून आता तक्त्यातला माझा पहिला रकाना ‘मोजमापाची हद्द’ हा असतो : झाड, शेत, गाव, पाणलोट की नदीखोरं. हा एक रकाना भरला की ज्या निष्कर्षांची आपण एकमेकांशी तुलना करत होतो, ते मुळात वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते हे लक्षात येतं.

२. ‘वाया गेलं’ म्हणजे कुणाच्या हिशेबात, ते विचारा.
पाटानं दिलेल्या पाण्यातलं काही पीक पितं, काही उन्हानं उडून जातं आणि काही जमिनीत पाझरतं. शेताच्या हिशेबात पाझरलेलं पाणी तोट्यात धरतात. पण आपल्याकडच्या बेसॉल्ट खडकात तेच पाणी भेगांतून सरकत खालच्या विहिरीला लागतं. ते थांबवलं तर वरच्याची बचत होते आणि खालच्याची आवक घटते. पिकाच्या दोन ओळींमधल्या उघड्या जमिनीतून उडणारं पाणी ठिबकनं कमी होतं, ती खरी बचत. खत, वीज, मजुरी वाचते आणि उत्पन्न वाढतं, हेही खरं. पण हे फायदे आणि ‘भूजल वाचलं’ हा दावा यांची बेरीज एका रकान्यात करू नये.

३. उपाय केला की माणसं त्याला प्रतिसाद देतात, तोही मोजा.
अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिलं होतं की वाफेची इंजिनं काटकसरी झाल्यावर इंग्लंडमध्ये कोळशाचा खप वाढला. पाण्याचंही तसंच होतं. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात क्वेंटिन ग्राफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंचनाच्या कार्यक्षमतेचा हा विरोधाभास मांडला : शेतावरची कार्यक्षमता वाढली तरी खोऱ्यातला पाण्याचा वापर सहसा कमी होत नाही. दादांनी काही गैर केलं नव्हतं. हाती पाणी उरलं की बाग वाढवायची, हे कुठलाही शहाणा शेतकरी करेल. ते गृहीत न धरणारा अभ्यास मात्र अपुरा आहे.

४. जे मोजलं नाही, त्याची यादी करा.
शेततळ्याचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. कल्पना अशी की पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायचं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर घालून ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यानं भरलं जातं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, उतरत्या कडांच्या तळ्यात साधारण २,२०० घनमीटर पाणी मावतं. तळं भरलेलं असताना उन्हाच्या दिवसांत रोज आठ मिलिमीटर पाणी उडालं, तरी दिवसाला सुमारे ७,००० लिटर हवेत जातं. जमिनीखाली सावलीत असलेलं, सर्वांच्या वाट्याचं पाणी एकाच्या तळ्यात उघड्यावर येतं. तळंवाल्याचं उत्पन्न मोजणाऱ्या अभ्यासात हे दिसणार नाही. म्हणून प्रत्येक निबंधासमोर मी लिहिते : याचा भार कुणावर पडू शकतो, आणि त्यांना कुणी विचारलं का?

५. अभ्यासाचा काळ आणि पावसाचा काळ शेजारी ठेवा.
एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मराठवाड्यात भरपूर पाऊस पडला. आधीची मोजणी २०१५ ची आणि नंतरची २०१६ ची असेल, तर विहिरींची वाढलेली पातळी कोणत्याही योजनेचं यश ठरू शकते. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, राज्यातल्या १५१ तालुक्यांत पुन्हा दुष्काळ जाहीर झाला. एक चांगलं आणि एक वाईट वर्ष पाहिल्याशिवाय पाण्याच्या कामावर शेरा मारू नये.

६. निष्कर्ष जुळत नाहीत, तिथंच थांबा.
पूर्वी विसंगत निकाल आले की मी सरासरी काढून मोकळी व्हायचे. आता विसंगती हाच मला सर्वांत मोलाचा धागा वाटतो. एकीकडे बचत आणि दुसरीकडे उपसा वाढलेला दिसतो, तेव्हा मी विचारते : जमीन वाढवायला जागा होती का? वीज किती तास होती? पाझरलेलं पाणी कामाच्या विहिरीला जात होतं की खाऱ्या जमिनीत? उपाय एकच असला तरी परिस्थिती वेगळी असते. सरासरीत ती परिस्थितीच पुसली जाते.

७. वस्तूबरोबर नियमही पाहा.
हिवरे बाजार या गावात बंधारे, समतल चर ही कामं झाली. पण तिथं शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आहे, ऊस-केळी घेत नाहीत, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हता, घरातल्या माणसांवर होता. भूमिहीनांनाही वाटा होता आणि उसाला बंदी होती. केवळ बंधाऱ्यांची संख्या नोंदवणाऱ्या आढाव्यात यशाचं अर्धं कारण गळून पडतं.

८. चित्र काढा, पण पुराव्याचा हात सोडू नका.
आता निबंध वाचण्याआधी मी एका कोऱ्या कागदावर विहीर, शेत, शेजारी, बाजारभाव, वीज आणि पाऊस मांडून बाण काढते. प्रत्येक बाणावर पुरावा आहे का, ते वाचताना खूण करत जाते. ज्या बाणावर खूण नाही, तिथं मला वाटतं म्हणून निष्कर्ष लिहीत नाही. ‘सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे’ एवढं म्हणून थांबणं म्हणजे काहीच न सांगणं. काटेकोर तुलनेचा गट असलेला प्रयोग आजही मला हवाच असतो. फक्त तो चित्रातल्या कोणत्या बाणाबद्दल बोलतो, हे मी स्पष्ट लिहिते.

या कामात नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. ‘बचत’, ‘वाढ’, ‘फायदा’ असा आकडा समोर आला की तो तक्त्यात भरण्याआधी एक प्रश्न विचारा : जे वाचलं, ते गेलं कुठं? आणि जमलं तर आढावा पुरा होण्याआधी एकदा ओढ्याच्या खालच्या अंगाला जाऊन या. तिथल्या विहिरीत वाकून पाहिल्यावर जे प्रश्न सुचतात, ते टेबलापाशी बसून सुचत नाहीत.