पिशवी काढायची? आधी हे विचारा

चाळिशीला अंगावरून जास्त जायला लागलं की "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल" असं सगळ्याच सांगतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची 2019 मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा 82,309 बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात तरुण बायाही होत्या. पाळीमुळे खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, मग बाई पिशवीच काढून मोकळी होते.

कॅन्सर, मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, पिशवी बाहेर येणं, अशा वेळी ऑपरेशन लागू शकतं. नुसतं पांढरं जातं किंवा कंबर दुखते म्हणून नाही. पांढऱ्यावर बहुतेक वेळा गोळ्यांनी भागतं. "कॅन्सर होईल" असं कुणी घाबरवलं तर तपासणीचा कागद मागा आणि दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी दवाखान्यात, दाखवा.

सही किंवा अंगठा देण्याआधी एक प्रश्न विचाराच: बीजकोश ठेवणार की काढणार? पिशवीच्या दोन बाजूंना हे दोन असतात आणि हाडं टिकवणारं हार्मोन तेच बनवतात. पाळी चालू असताना दोन्ही काढले तर अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं लवकर ठिसूळ होतात. वस्तीत आम्ही विचारतो, "तुमचे बीजकोश आहेत का?" अनेकींना सांगताच येत नाही. म्हणून काय काय काढलं ते लिहिलेला डिस्चार्जचा कागद जपून ठेवा. पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर त्याची तपासणी पुढेही लागते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचे बाहेरून तीन-चार बारीक टाके दिसतात, म्हणून आठ दिवसांत घरचे म्हणतात, झाली बरी. पण आतले टाके भरायला साधारण सहा आठवडे जातात, पोटावर चिरा असो वा दुर्बीण. तोवर हंडा, सिलिंडर, भिजलेल्या कपड्यांची बादली उचलायची नाही, लेकरू कडेवर घ्यायचं नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नवऱ्याशी संबंधही नको, हे त्यालाही समोर बसवून सांगा. मात्र अंथरुणाला खिळू नका. डॉक्टरने उठवलं की घरातल्या घरात चाला, नाहीतर पायात रक्ताच्या गाठी होतात. वरण-भाताने टाके पिकतात हा समज सोडा. वरण, अंडी, पालेभाजी खा, पाणी भरपूर प्या, कुंथावं लागू नये.

थोडा लालसर डाग काही आठवडे दिसतो, त्याला घाबरू नका. पण तासाभरात पॅड भिजलं, घाण वास आला, ताप चढला, टाक्यातून पू आला, लघवी अडली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा. 108 ला फोन लावा.