धोक्याच्या घंटेची तारजोडणी

आगीची सूचना देणारी घंटा वर्षानुवर्षे गप्प असते. या मौनाचे अर्थ दोन संभवतात : एक तर आग लागलेली नाही, किंवा कोठेतरी तार तुटलेली आहे. शाळेची घंटा बिघडली तर पुढच्या तासालाच कळते. हिचा बिघाड मात्र तिची गरज पडेल त्याच दिवशी कळावयाचा! म्हणून तिची जोडणी दारावरच्या विजेच्या घंटेप्रमाणे करून भागत नाही.

या योजनेत मुख्य पेटीपासून, म्हणजे पॅनेलपासून, दोन तारा निघतात आणि एका भोंग्यावरून दुसऱ्यावर अशा शेवटच्या भोंग्यापर्यंत जातात. तेथे दोन्ही तारांमध्ये एक रोधक बसवितात. एरव्ही पॅनेल या तारांवर सतत दाब ठेवते, पण धन व ऋण टोके उलटी करून. प्रत्येक भोंग्यात डायोड असतो. डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे दार. दाब उलटा असल्यामुळे ही दारे बंद राहतात आणि प्रवाह केवळ टोकाच्या रोधकातून फिरतो. दाब २४ व्होल्ट व रोधक १०,००० ओहमचा धरला, तर हा प्रवाह २.४ मिलिअँपिअर येतो. तो शून्य झाला तर तार तुटली, एकाएकी वाढला तर दोन तारा एकमेकींस चिकटल्या, असे ओळखून पॅनेल दोषाचा दिवा लावते. आगीची वर्दी येताच ते दाबाची दिशा पालटते. दारे उघडतात व सारे भोंगे एकदम वाजू लागतात.

युक्ती सुंदर खरी. पण ती सर्वस्वी जोडणाऱ्याच्या हाती असते. मधूनच फाटा काढून एखादा भोंगा जोडला, तर तो फाटा तुटला तरी रोधकातील प्रवाह अखंड राहतो आणि पॅनेलला काहीच कळत नाही. तार न कापता, नुसती सोलून स्क्रूखाली दाबली तरी तेच : स्क्रू सैल होऊन भोंगा सुटतो, तार मात्र सलग राहते. म्हणून प्रत्येक भोंग्यापाशी तार कापून येणारे व जाणारे टोक वेगवेगळ्या स्क्रूखाली घ्यावे. काही जण श्रम वाचविण्यासाठी रोधक पॅनेलच्या पेटीतच बसवितात. मग बाहेरच्या साऱ्या तारा उंदरांनी कुरतडल्या तरी पॅनेल समाधानी! याला आळस म्हणणे सौम्यच होईल.

तारेची लांबीही विचारात घ्यावी लागते. १.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. भोंगे १५० मीटरवर असल्यास जाण्यायेण्याची मिळून तार ३०० मीटर, व तिचा रोध ३.६ ओहम. सर्व भोंगे मिळून १ अँपिअर घेत असतील, तर ३.६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. २४ व्होल्टांवर चाचणी उत्तम होते. परंतु आगीत मुख्य वीज जाते. बॅटरी उतरत २० व्होल्टांवर आली की भोंग्यापर्यंत १६.४ व्होल्टच पोहोचतात, आणि अनेक भोंग्यांची मर्यादा १६ च्या आसपास असते. हिशेब उतरलेल्या बॅटरीवरच करावा.

महत्त्वाच्या ठिकाणी तारा शेवटच्या भोंग्यावरून पुन्हा पॅनेलकडे आणतात; एके जागी तुटल्या तरी दुसऱ्या बाजूने वीज पोहोचते. मात्र परतीची वाट निराळी हवी. आपल्या अणशीचा घाट उतरून कद्र्याकडे गेले की त्या परिसरात कैगा अणुवीज केंद्र लागते. त्याच धर्तीचे २२० मेगावॅटचे संच उत्तर प्रदेशात नरोरा येथे आहेत. ३१ मार्च १९९३ रोजी तेथील पहिल्या संचाच्या टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन वायू निसटून पेटला व आग केबलींना लागली. मुख्य व राखीव केबली पुरेशा विलग नसल्याने एकाच आगीत दोन्ही निकामी झाल्या आणि त्या संचाचा वीजपुरवठा सुमारे १७ तास खंडित राहिला. अणुभट्टी कर्मचाऱ्यांनी तत्परतेने बंद केली होती, म्हणून मोठा अनर्थ टळला. भोंग्यांच्या जाणाऱ्या व परतणाऱ्या तारा एकाच नळीतून ओढल्या, तर तेथेही हाच प्रकार होईल : खर्च दोन वाटांचा, आणि जळताना वाट एकच.