बार्बीचा पाय निखळला तर

पोरी, आधी ते फेविक्विक खाली ठेव. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचा पाय मोडला तर बांबूची खुंटी आणि सुताराचा गोंद पुरतो. बार्बीचं तसं नाही. फेविक्विकचा गोंद वाळला की कडक होतो. सांध्यात उतरला तर पाय कायमचा जाम, वर पांढरा डाग पडतो तो वेगळाच.

पाय मोडलाय की नुसता निखळलाय, ते नीट बघ. लिओ मॅटेल कंपनीच्या साडीतल्या बार्बी आता घरोघरी ट्रंकांतून निघतात, त्यातल्या कितीतरी नुसत्या निखळलेल्या असतात. टोकाची गुंडी शाबूत असेल तर सांधा हेअर ड्रायरने कोमट कर आणि हळू दाबून बसव. ड्रायर नसेल तर गरम पाणी चालेल, पण उकळतं नको. मग आत शिरलेलं पाणी झटकून पूर्ण वाळव. काही बाहुल्यांच्या पायात तार असते, ती गंजते.

गुंडीच तुटली असेल तर दोन्ही तुकड्यांना बारीक भोक पाड, आत स्टीलच्या टाचणीचा तुकडा घाल आणि दोन ट्यूबांचं अ‍ॅराल्डाइट लाव. रात्रभर हलवू नको. भोक पाडायला सुई तापवू नकोस, जळत्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो. आणि हा जोड दाखवण्यापुरता, तो पाय पुन्हा फिरवायचा नाही.

गुडघ्यातला खटका आतून मोडला तर त्याच्या नादी लागू नये. पाय सरळ करून सुती पट्टी बांध. साडीखाली कोण बघतंय!

दुसऱ्या बाहुलीचा पाय लावायचा तर रंग आणि साचा जुळव. पाठीवर १९६६ दिसलं म्हणून बाहुली तेवढी जुनी समजू नकोस. ते साल साच्याचं. त्या साच्यावर पुढं कितीतरी वर्षं बाहुल्या निघाल्या.

खरी नासाडी होते ती ठेवण्यात. गोंदियाचा मे महिना, पारा ४५ अंशांजवळ, टिनाखालचा माळा आणि त्यावर लोखंडी ट्रंक. प्लास्टिक मऊ ठेवणारं तेल उन्हाळ्यात बाहेर येतं, पाय चिकट होतात. पन्नीत गुंडाळू नको, डांबराच्या गोळ्या टाकू नको, त्यांनी प्लास्टिक बिघडतं. गडद कापडाचा रंगही अंगाला लागतो. पांढऱ्या जुन्या धोतरात गुंडाळ आणि खालच्या खोलीतल्या कपाटात ठेव.

आणि बाहुली दुरुस्त झाली नाही तरी भंगारवाल्याला देऊ नको. तिचे हात दुसरीला येतील.