तांबड्या वर्तुळातील आकडा

पैठण तालुक्यात पाचोड नावाचे एक मोठे बाजाराचे गाव आहे. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघाले म्हणजे सुमारे ५० किलोमीटरांवर ते लागते. पंजाबातील संगरूरपासून कर्नाटकातील अंकोल्यापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ या गावाजवळून जातो, आणि जालना-अंबडकडून पैठणकडे जाणारा रस्ताही येथेच येऊन मिळतो. आसपासच्या शिवारात मोसंबीच्या बागा आहेत. हंगाम आला म्हणजे मोसंबीने भरलेल्या टेम्पोंची रीघ लागते. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसे येतात, जनावरे येतात. फाल्गुनात नाथषष्ठी जवळ आली की टाळमृदंगाच्या गजरात दिंड्या पैठणची वाट धरतात.

मुलांनो, अशा गावाच्या चौकात घटकाभर उभे राहून पाहा. एकाच रस्त्यावरून दोन प्रकारचे लोक चाललेले दिसतील. एकाला सोलापूर गाठावयाचे असते. पाचोड हे त्याच्या दृष्टीने वाटेतले एक नाव, डोळ्यांसमोरून क्षणात मागे पडणारे. दुसऱ्याला केवळ पलीकडच्या दुकानातून पावशेर चहापूड आणावयाची असते. पहिल्याचा प्रवास शेकडो किलोमीटरांचा, तर दुसऱ्याचा वीस पावलांचा. या दोघांच्या वाटा जेथे एकमेकींना छेदतात, तेथेच सारा प्रश्न उभा राहतो. वेगमर्यादा, वाहने उभी करण्यावरील निर्बंध आणि पादचाऱ्यांसाठी आखलेले पांढरे पट्टे या तीन गोष्टी त्या वीस पावलांसाठी आहेत.

प्रथम वेगाचे पाहू. तुम्हांला गणित येते, तेव्हा आपण हिशेबच मांडू. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ८ मीटर अंतर तोडते; ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे १४ मीटर. समोर अचानक एखादे मूल आले, तर चालकाच्या डोळ्यांना ते दिसणे, त्याच्या मनाने ‘थांब’ म्हणणे आणि पायाने ब्रेक दाबणे, एवढ्याला साधारण एक सेकंद लागतो. चालक कितीही हुशार असो, हा सेकंद त्याला चुकत नाही. रस्ता कोरडा आहे आणि ब्रेक उत्तम आहेत असे धरले, तर ३० च्या वेगाची मोटार ब्रेक दाबल्यावर आणखी सुमारे ५ मीटर जाऊन थांबते. म्हणजे एकूण १३ मीटर झाले. आता मूल १३ मीटरांवर असताना ५० च्या वेगाच्या मोटारीचे काय होईल? तिचे १३ मीटर त्या पहिल्या सेकंदातच संपतात. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचण्यापूर्वीच मोटार मुलावर आदळते, आणि तीही पूर्ण वेगाने. एक मोटार जेथे मुलासमोर येऊन थांबली, तेथेच दुसरीचा वेग अद्याप तसूभरही कमी झालेला नाही. दोन वेगांतील फरक अवघा २० किलोमीटरांचा! चालकाला तो जाणवतही नाही.

हे ज्ञान जगाला फुकट मिळाले नाही. इंग्लंडमध्ये १८६५ साली असा कायदा झाला होता की, रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या यंत्रगाडीपुढे साठ यार्डांवर एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालावे, आणि गावात गाडीचा वेग ताशी दोन मैलांहून अधिक असू नये. आज आपल्याला हसू येते. पुढे १८९६ साली तो कायदा सैल झाला, वेग वाढत गेला आणि हसणारेही कमी झाले. त्याच देशात स्लाऊ या गावी १९५१ साली काळ्या रस्त्यावर पांढरे पट्टे ओढून पादचाऱ्यांची वाट आखण्यात आली. आफ्रिकेतील पट्टेदार प्राण्यावरून तिला ‘झेब्रा क्रॉसिंग’ हे नाव पडले. ऑस्ट्रियातील ग्राझ या शहराने १९९२ मध्ये वस्तीतील बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा घातली. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तेथे हाच आकडा सुचविला. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. हा दुसरा आकडा सावकाश वाचा. एवढ्या लोकसंख्येला आपल्याकडे मोठे गाव म्हणतात.

आता मी तुम्हांला एक माझ्या अनुभवातील हकिगत सांगतो. मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो ती पाचोडची नव्हे. परंतु तीही अशीच हमरस्त्याला लागून होती, आणि समोरच एस.टी.चा थांबा होता. सहावीतील एक मुलगी एके सकाळी शाळेत येण्यासाठी रस्ता ओलांडू लागली. कडेला एक मालाचा टेम्पो उभा होता. ती त्याच्या पुढच्या बाजूने बाहेर आली आणि त्याच क्षणी मागून एक जीप आली. चालकाला मुलगी दिसली नाही व मुलीला जीप दिसली नाही. कारण अकरा वर्षांच्या मुलीची उंची ती केवढी, आणि टेम्पो तर भिंतीसारखा आडवा. ती वाचली, पण सात महिने शाळेत आली नाही, आणि आली तेव्हा तिच्या काखेत कुबडी होती.

त्या दिवसापर्यंत कडेला उभे असलेले वाहन मला निरुपद्रवी वाटत असे. धावणारे वाहन धोक्याचे, उभे असलेले बिचारे काय करणार? परंतु उभे वाहन दृष्टी अडविते. म्हणूनच पादचाऱ्यांच्या पट्ट्यांच्या अलीकडे काही अंतर मोकळे सोडावयाचे असते. वेगमर्यादा घातली, पट्टे ओढले, पण पट्ट्यांच्या तोंडाशीच टेम्पो उभे राहू दिले, तर ते पट्टे पादचाऱ्याला सापळ्यात नेऊन सोडतील. या तिन्ही गोष्टी एकत्रच मागाव्या लागतात, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

तिच्या वर्गातील मुले अस्वस्थ होती. ती म्हणाली, “सर, आपण काहीतरी करू या.” काय करावे हे मलाही सुचेना. तेव्हा गणिताच्या शिक्षकांनी एक युक्ती सांगितली. शाळेच्या कुंपणाच्या आत, दोन झाडांमध्ये टेपने बरोबर ५० मीटर मोजून घ्यावयाचे. एखादे वाहन पहिल्या झाडासमोर आले की घड्याळ सुरू करावयाचे, दुसऱ्यासमोर आले की थांबवावयाचे, आणि १८० ला त्या सेकंदांनी भागावयाचे. जो भागाकार येईल तो ताशी किलोमीटरांतील वेग. सहा सेकंद लागले तर ३०, तीनच लागले तर ६०. मुले आठ दिवस मधल्या सुट्टीत कुंपणाआड बसून मोजत होती आणि वहीत नोंद करीत होती. पुष्कळ वाहने तीन सेकंदांच्या आतच निघून जात. एका नोंदीवर चार सेकंद होते, म्हणजे ताशी ४५, आणि पुढे वाहनाच्या रकान्यात ‘हेडसरांची मोटारसायकल’ असे लिहिले होते. मी ती नोंद खोडावयास सांगितली नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून माझा भागाकार उतरला, हे मुलांनीच मला सांगितले.

ती वही घेऊन आम्ही ग्रामसभेला गेलो. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि गावचा कोणीही मतदार तेथे बोलू शकतो. मुलांना मत नसते. म्हणून त्यांच्या वतीने पालक बोलले व मुले मागे सतरंजीवर बसून ऐकत राहिली. सर्वांना प्रस्ताव पटला असे मात्र नाही. एक किराणा दुकानदार उठून म्हणाले, “गुरुजी, लेकरांची काळजी आम्हांलाही आहे. पण गाडी दारात थांबली नाही, तर गिऱ्हाईक पुढच्या गावाला जाईल. माझ्या लेकरांनी मग काय खावे?” हे म्हणणे खोटे नव्हते. ज्याचे पोट रस्त्यावर चालते, त्याच्या दारातील जागा काढून घेताना दुसरी जागा दाखविलीच पाहिजे. पुष्कळ विचारविनिमयानंतर ठरले की, बाजारतळाच्या कडेची मोकळी जागा टेम्पोंसाठी साफ करून द्यावी, आणि शाळेच्या दोन्ही अंगांना मात्र कोणतेही वाहन उभे करू नये. दुकानदार पूर्ण खूश झाले नाहीत. परंतु त्यांनी हात वर केला.

एका वृद्ध बाईंचा प्रश्न तर आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. त्या म्हणाल्या, “पट्टे कुठं काढणार? साहेबाला सोयीचं पडेल तिथं, का आम्ही जिथून जातो तिथं?” आमच्या कच्च्या नकाशात पट्टे चौकात दाखविले होते, आणि लोक तर एस.टी.तून उतरून थेट शाळेसमोरून पलीकडे जात. त्या बाईंमुळे नकाशा बदलला.

ठराव झाला म्हणजे काम झाले, असे समजू नका. प्रत्येक रस्त्याचा धनी वेगळा असतो. गावातील गल्लीबोळ ग्रामपंचायतीचे, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आणि महामार्ग केंद्राच्या अखत्यारीतला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ११२ नुसार लोकांच्या सुरक्षिततेसाठी एखाद्या भागात वेगाची मर्यादा ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारला, अथवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते व रस्त्यावर पाटी लावावी लागते. निर्बंध एक महिन्याहून अधिक काळासाठी नसेल, तर अधिसूचनेची गरज नसते. जत्रेपुरता वा वारीपुरता वेग कमी करावयाचा असल्यास ही तरतूद फार उपयोगाची आहे. वाहने कोठे उभी करावीत, हे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरविण्याची सोय कलम ११७ मध्ये आहे. केंद्र सरकारने २०१८ साली दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरविली. परंतु जेथे वस्ती आहे तेथे ती खाली आणता येते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या मनाने पाटी रंगवून महामार्गावर ठोकली, तर तिला कायद्याचे बळ नाही. म्हणून आमचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीकडे गेला. त्यासोबत मुलांच्या वहीची प्रतही गेली.

उत्तर येईपर्यंत काही तरुणांचा धीर सुटला. “रातोरात एक गतिरोधक टाकून देऊ,” असे ते म्हणू लागले. त्यांचा राग मला समजत होता; पण मी त्यांना अडविले. गतिरोधकाचेही शास्त्र आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेतील गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून वाहन हलकेच चढते आणि उतरते. मुरूम-डांबराचा अरुंद उंचवटा मात्र अंधारात दुचाकीस्वाराला फेकून देतो आणि रुग्णवाहिकेतील आजाऱ्याला हादरे देतो. राष्ट्रीय महामार्गावर तर गतिरोधक टाकण्यास मुभाच नाही.

पाट्यांचीही एक भाषा असते, ती ध्यानात ठेवा. तांबड्या कडेचा त्रिकोण सावध करतो. पुढे शाळा आहे, पुढे पादचारी आहेत, असे तो सांगतो. वर्तुळाची पाटी आज्ञा देते. पांढऱ्या वर्तुळाला तांबडी कड आणि आत काळा आकडा असेल, तर त्याहून अधिक वेगाने जाणे हा अपराध होय. निळ्या वर्तुळावर एकच तांबडी तिरपी रेघ असेल, तर तेथे वाहन उभे करून ठेवावयाचे नाही. दोन रेघांची फुली असेल, तर क्षणभरही थांबावयाचे नाही.

आमच्या गावात पाटी आली ती पुढल्या वर्षी, शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात. पाटीतील आकडा ३० होता. पांढरे पट्टे एस.टी.च्या थांब्याजवळ, त्या वृद्ध बाईंनी सांगितले तेथेच आखले गेले. पहिल्या दिवशी पट्ट्यांवर मुले उभी राहिली, पण एकही वाहन थांबेना. आम्ही दोन शिक्षक रोज सकाळी तेथे उभे राहू लागलो. चौथ्या दिवशी एस.टी.च्या एका चालकाने लांबूनच बसचा वेग कमी केला, बस पट्ट्यांच्या अलीकडे थांबविली आणि हाताने ‘या’ अशी खूण केली. मागची वाहनेही थांबली. पुढल्या पावसाळ्यात ते पट्टे पुसट झाले, आणि पुन्हा रंगवून घेण्यासाठी आम्हांला पुन्हा अर्ज करावा लागला. तो अर्ज कुबडीवाल्या मुलीने लिहिला. तिचे अक्षर वर्गात सर्वांत चांगले होते.

स्वाध्याय

१. उभे असलेले वाहनही पादचाऱ्याला धोकादायक का ठरते, ते पाठाच्या आधारे सांगा.

२. किराणा दुकानदारांचे म्हणणे तुम्हांला पटते काय? त्यांच्या जागी तुम्ही असता, तर ग्रामसभेत काय बोलला असता, ते आठ-दहा ओळींत लिहा.

३. एका वाहनाला ५० मीटर जाण्यास ५ सेकंद लागले. त्याचा ताशी वेग किती? शिक्षकांना बरोबर घेऊन, शाळेच्या कुंपणाच्या आतूनच अशी दहा वाहने मोजा व तक्ता तयार करा.

४. तुमच्या गावातील लोक मुख्य रस्ता कोठून ओलांडतात, ते दाखविणारा नकाशा काढा व त्यासोबत सरपंचांना एक पत्र लिहा.