बांधावरची भूमिति
(शाळाशिक्षक व उपदेशक ह्यांकरितां पाठ)

वाचण्याचे भाग : अनुवाद १९:१४ व २७:१७, नीतिसूत्रें २३:१०, ११, गणना २७:१-७.

शेजाऱ्याच्या शेताची खूण जो सरकवितो त्याजवर मोशेच्या नियमशास्त्रांत शाप सांगितला आहे. आणि पोरक्यांच्या शेतांत जो पाऊल घालितो त्याची गांठ खुद्द देवाशीं आहे असा इशारा नीतिसूत्रांत दिला आहे. हे भाग आमच्या मंडळ्यांतून पुष्कळदां वाचले जातात. परंतु खूण सरकविण्याचा दुसराही एक मार्ग आहे, व त्यांत दगडास हात लावावा लागत नाहीं. एकास मोजतां येतें आणि दुसऱ्यास येत नाहीं, एवढें त्यास पुरे होतें. ह्यास्तव सहावी ते आठवीच्या मुलामुलींस भूमिति कशी शिकवावी, हा प्रश्न आम्ही केवळ परीक्षेचा समजत नाहीं. तो न्यायाचाही आहे.

पुण्याच्या पूर्वेस, नगर रस्त्यालगत, मुळामुठेच्या उत्तर तीरीं खराडी हें गांव आहे. हवेली तालुक्यांतील हें शेतकऱ्यांचें खेडें १९९७ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. आणि जेथें पूर्वीं शेतें होतीं तेथें संगणकाच्या कामाच्या कचेऱ्या व उंच इमारती उभ्या राहिल्या. जी जमीन वडील एकर-गुंठ्यांत सांगत, ती मुलगा आतां चौरस फुटांत ऐकतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. मोजण्यांत एका गुंठ्याची चूक झाली तर पूर्वीं थोड्या धान्याचें नुकसान होई. आज तेवढ्या जागेंत एका कुटुंबाचें राहतें घर बसतें. खराडीवर जी वेळ आली ती शहराजवळच्या प्रत्येक खेड्यावर येणार आहे. ती येण्यापूर्वींच आमच्या मुलांच्या हातीं दोरी असावी.

भूमिति ह्या शब्दाचा अर्थच भूमीचें माप असा आहे. आमच्या पुणें जिल्ह्यांत ही विद्या शेतांतूनच चालत आली. इंदापूर तालुक्यांत १८३६ सालच्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट ह्या अंमलदारांनीं जी पाहणी चालविली, तिच्यापुढें मुंबई इलाख्यांतील मोजणीस कायमचें वळण लागलें. मोजणीची साखळी ३३ फुटांची व तिचे आणे १६. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. जुन्या मोजणीच्या टिपणांत शेताच्या आंतून जाणारी सरळ रेषा व तिजपासून कोपऱ्यांपर्यंतचे लंब साखळी-आण्यांत मांडलेले दिसतात. ज्यास लंब म्हणजे काय तें समजलें, त्यास तें टिपण वाचतां येतें. हल्लीं सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर ह्यांत लिहितात. दहा मीटर बाजूचा चौरस म्हणजे एक आर. गुंठा त्याहून किंचित् मोठा, १०१ चौरस मीटरांहून थोडा अधिक.

आतां पाठाकडे वळूं. सर्व साहित्य खेड्यांत मिळण्याजोगें आहे.

पहिला पाठ, दोरीचा. न ताणणारी दोरी घेऊन गवंड्याच्या टेपानें ती ३३ फूट मोजून घ्यावी. मग ती मुलांकडून चार वेळां निमपट दुमडवावी. किती भाग झाले, असें विचारावें. सोळा! प्रत्येक घडीवर खूण बांधिली म्हणजे शाळेची साखळी तयार झाली. अपूर्णांकांचा पाठ वेगळा घ्यावयास नको.

दुसरा पाठ, काटकोनाचा. त्याच दोरीचे बारा भाग घ्यावे. तीन मुलांनीं तीन, चार व पांच भागांच्या बाजू करून ती ताणून धरावी. तीन व चार भागांच्या बाजू जेथें मिळतात तेथें काटकोन होतो. गांवच्या गवंड्यास बोलावून त्याचा गुण्या त्या कोनांत बसवून पाहावा. प्रार्थनामंदिराचा पाया आंखतांना तोही सुतळीनें हेंच करितो. मुलांनीं हें प्रथम डोळ्यांनीं पाहावें. तीनाचा वर्ग व चाराचा वर्ग मिळून पांचाचा वर्ग होतो हा सिद्धांत मग फळ्यावर लिहावा.

तिसरा पाठ, चार काठ्यांचा; आणि हाच ह्या सर्वांचा कणा आहे. सारख्या लांबीच्या चार काठ्या टोंकांशीं सैल बांधून चौकोन करावा. तो प्रथम चौरस धरावा, मग दोन समोरचे कोपरे धरून हळूहळू दाबावा. बाजू बदलल्या काय? नाहीं. आंतील जागा बदलली काय? होय, दाबत गेल्यास ती जवळजवळ नाहींशी होते! आतां मुलांस हिशेब घालावा. एका शेताच्या चारही बाजू पांच साखळ्या असून कोपरे काटकोनांत आहेत. त्याचें क्षेत्र २५ गुंठे. दुसऱ्या शेताच्याही चारही बाजू पांच साखळ्याच, परंतु तें तिरकें असून त्याचे कर्ण आठ व सहा साखळ्या आहेत. त्याचें क्षेत्र आठ गुणिले सहा ह्याच्या निम्मे, म्हणजे २४ गुंठे. दोन भावांनीं बांध चालून "तुझ्याही पांच, माझ्याही पांच" असें म्हणून हीं शेतें वांटून घेतलीं, तर एकाचा एक गुंठा गेला, आणि कोणीं चोरी केली असें कोणासही वाटलें नाहीं.

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची एक जुनी रीति आहे. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें ती सांगितली, परंतु स्थूल क्षेत्राची रीति म्हणूनच. ती केवळ काटकोनी शेतास लागू पडते. इतर प्रत्येक शेतास ती खऱ्यापेक्षां अधिकच क्षेत्र दाखविते, कमी कधींच नाहीं. म्हणून ह्या रीतीनें जो जमीन विकत घेतो तो नसलेल्या जमिनीचेही पैसे देतो. भास्कराचार्यांनीं तर ११५० सालच्या लीलावतींत, कर्ण किंवा लंब सांगितल्यावांचून केवळ चार बाजूंवरून जो क्षेत्र विचारतो त्याची चांगलीच कानउघाडणी केली आहे. चाळीसगांवाजवळ पाटण येथें १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्याकरितां त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे. ह्या महाराष्ट्रभूमींत आठशें वर्षांपूर्वीं जें शिकविलें जात होतें, तें आमच्या मुलांनीं न शिकावें काय?

चौथा पाठ, कर्णाचा. वांकड्या शेताच्या दोन समोरच्या कोपऱ्यांमध्यें दोरी धरून लांब कर्ण मोजावा. शेताचे दोन त्रिकोण होतात. मग उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यापासून कर्णावर, काटकोनाच्या दोरीच्या साह्यानें, लंब मोजावा. समजा, कर्ण दहा साखळ्या, एक लंब चार साखळ्या आठ आणे व दुसरा तीन साखळ्या आठ आणे आहे. लंबांची बेरीज आठ. आठांस दहांनीं गुणून निम्मे केले म्हणजे ४० गुंठे, बरोबर एक एकर. हें ज्या मुलीस स्वतः करितां आलें, तिला त्रिकोणाच्या क्षेत्राचें सूत्र पाठ करविण्याची गरज नाहीं.

पांचवा पाठ, वांटणीचा. एक त्रिकोणी शेत आहे. पाया बारा साखळ्या व उंची दहा साखळ्या, म्हणून क्षेत्र ६० गुंठे. समोरच्या टोंकास विहीर आहे. मालक मृत्युपत्र न करितां वारला. मागें विधवा, एक मुलगा व एक मुलगी आहेत. १९२५ सालच्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें ख्रिस्ती विधवेस एक तृतीयांश मिळतो, व राहिलेले दोन तृतीयांश मुलगा व मुलगी असा भेद न करितां सर्व अपत्यांस सारखे मिळतात. तर वांटणी अशी करा कीं, प्रत्येकास त्याचा वांटा मिळावा व विहिरीवर प्रत्येकास जातां यावें. शिक्षकानें येथें स्तब्ध राहावें. मुलांस भांडूं द्यावें, रेघा ओढूं द्याव्या. शेवटीं कोणी तरी पायाचे चार-चार साखळ्यांचे तीन भाग करून विहिरीपासून त्यांपर्यंत रेषा काढील. तीनही त्रिकोणांचा पाया सारखा व उंची तीच, म्हणून प्रत्येकाचें क्षेत्र वीस गुंठे. आणि तिघांचेंही टोंक विहिरीशीं! सलाफहादाच्या कन्यांनीं मोशेपुढें उभें राहून वतन मागितलें, व त्यांचें म्हणणें रास्त आहे असें देवानें सांगितलें. ती कथा त्याच दिवशीं वाचावी.

ह्या सर्वांत शिक्षकानें एक क्रम पाळावा : प्रथम अडचण, मग मुलांचा प्रयत्न, मग माप, आणि सर्वांच्या शेवटीं नियम. नियम आधीं सांगितला तर मुलें तो परीक्षेपर्यंत जपतात व बांधावर विसरतात. तसेंच मुलांस हेंही सांगावें कीं, हद्दीचा तंटा शाळेच्या दोरीनें तुटत नाहीं. त्यासाठीं भूमि अभिलेख कचेरीकडे अर्ज करून सरकारी मोजणी घ्यावी लागते. आपलें माप अशासाठीं कीं, अंगठा करण्यापूर्वीं किंवा सही करण्यापूर्वीं आपणांस प्रश्न विचारतां यावा. आणि ज्यास मोजतां येऊं लागलें त्यानें आपल्या बांधाचेंही माप प्रामाणिकपणें घ्यावें; कारण शेजाऱ्याची खूण आपल्याही हातून सरकलेली असूं शकते. शेजारच्या विधवेचें शेत आमच्या शाळेंतील मुलांनीं मोजून तिला तिचे गुंठे खरे सांगितले, तर त्या दिवशींचा पाठ चांगला झाला असें आम्ही समजूं.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. वीस साखळ्यांचें कुंपण आहे. त्यांत पांच बाय पांच व आठ बाय दोन अशीं दोन काटकोनी शेतें केलीं, तर प्रत्येकाचें क्षेत्र किती? कुंपण सारखें असून क्षेत्र सारखें कां नाहीं?

२. शेताचा कर्ण नऊ साखळ्या व लंब चार आणि दोन साखळ्या आहेत. किती गुंठे झाले?

३. पांचव्या पाठांतील शेतास विधवा, दोन मुलगे व दोन मुली वारस असतील तर पायाचे भाग कसे पाडाल?

४. सलाफहादाच्या कन्यांनीं काय मागितलें व कोणापुढें? आपल्या गांवीं असें कोणी मागितल्यास आपण कोणत्या बाजूस उभे राहूं?